जुन्या एमजीबीचं इंजिन ऑइल: आधी काटा बघा, मग डबा उचला

गाडी घेतली तेव्हा हायवेला तिच्या ऑइल प्रेशरचा काटा साठ-सत्तरवर उभा असायचा. पहिल्या सर्व्हिसनंतर तोच काटा चाळिशीच्याही खाली आला. इंजिन गरम असताना सिग्नलला थांबलं की तर पाचाच्या आसपास लोंबकळायचा, आणि वरून टॅपेटांची टकटक. गॅरेजवाल्याने कामात कुचराई केली नव्हती. उलट सगळ्यात महागाचं ‘फुली सिंथेटिक ५डब्ल्यू-३०’ घालून दिलं होतं, बिलही तसंच लावलं होतं. फक्त समोर उभी आहे ती १९७२ ची एमजीबी जीटी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, हे त्याने लक्षात घेतलं नाही.

साताऱ्याला बाबांना फोन केला. त्यांनी बावीस वर्षं अँबॅसिडर चालवली, तीही बहुतेक खंबाटकी घाटातून.

“किती सीसीचं इंजिन?”

“सतराशे अठ्ठ्याण्णव.”

“पुशरॉडचं ना? दोन एसयू कार्ब्युरेटर?”

“हो बाबा.”

“अगं, मग ती आपल्या अँबॅसिडरची थोरली बहीण झाली. तिला हे पाण्यासारखं ऑइल कुणी पाजलं?”

बाबांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं ‘बी सीरीज’ इंजिन १९५५ च्या एमजीए गाडीत १४८९ सीसीचं होतं, आणि हेच १४८९ सीसीचं इंजिन उत्तरपाड्याच्या कारखान्यातून अँबॅसिडरच्या बॉनेटखाली पुढे कित्येक वर्षं बसत राहिलं. १९६२ साली एमजीबी आली तेव्हा त्याच घराण्यातलं इंजिन १७९८ सीसीपर्यंत वाढवलेलं होतं. म्हणजे लंडनला एमजीबी पाळणाऱ्यालाही हा लेख उपयोगी पडेल आणि कोल्हापुरात आजोबांची अँबॅसिडर चालू ठेवणाऱ्यालाही. मी राहते ते गाव ॲबिंग्डनपासून अर्ध्या तासावर. १९८० साली बंद होईपर्यंत एमजीबी तिथेच बनत होती.

इंजिन कोणतं, ते आधी बघा

‘जुनी स्पोर्ट्स कार’ एवढ्यावर ऑइल ठरत नाही. इंजिनाच्या ब्लॉकवर नंबराची पट्टी असते, तिची सुरुवातीची अक्षरं वाचा. १८जी किंवा १८जीए असेल तर क्रँकशाफ्टला तीन मेन बेअरिंगं आहेत. १८जीबीपासून पुढे, म्हणजे १९६४ च्या ऑक्टोबरपासून, पाच. १८व्ही असेल तर सत्तरच्या दशकातलं इंजिन. १९७३ ते ७६ दरम्यानची जीटी व्ही८ असेल तर तिच्यात रोव्हरचं साडेतीन लिटरचं ॲल्युमिनियम इंजिन आहे. तिचं गणित वेगळं, ती इथे सोडून देते.

तीन बेअरिंगवाल्या इंजिनाबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. त्याच्या क्रँकला मागच्या बाजूला रबरी सील नाहीच. तिथे उलट्या फिरकीचे आटे कापलेले असतात आणि फिरताना ते ऑइल आत ओढून घेतात. गाडी उभी राहिली की फिरकी थांबते आणि ऑइल बाहेर येतं. ही त्याची घडणच आहे, बिघाड नाही. अशा गाडीत पातळ ऑइल घातलं की गाडीखाली टाकलेला पुठ्ठा आठवड्यात भिजतो. त्या गाडीवाल्याने ‘लीक-स्टॉप’च्या बाटल्यांवर पैसे घालवू नयेत, खाली ट्रे ठेवावा.

आणखी एक विचारून घ्या: इंजिन कधी उघडलंय का, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) बदललाय का? आधीच्या मालकाने हौसेने जोरदार कॅम आणि कडक स्प्रिंगा बसवल्या असतील, तर पुढचा झिंकचा भाग दोनदा वाचा.

डबा घेण्याआधी आठवडाभर गाडीलाच विचारा

एक वही करा. माझी वही म्हणजे किराणा दुकानाची दोऱ्याने शिवलेली लाल वही आहे, आईने पार्सलमधून पाठवलेली.

गाडी वीसेक मिनिटं चालवा. पाण्याचा काटा पाच-सात मिनिटांत जागेवर येतो, त्याने फसू नका. ऑइल तापायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. मग ३,००० आरपीएमवर प्रेशर किती, आणि आयडलिंगला किती, हे लिहा. या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये चालतं प्रेशर दर चौरस इंचाला ५० ते ८० पाउंड आणि आयडलिंगला १० ते २५ पाउंड दिलंय. बहुतेक एमजीबींत काटा थेट ऑइलच्या नळीला जोडलेला असतो, म्हणून तो बहुधा खरं बोलतो. तरी पन्नास वर्षांचा मीटर आहे. शंका आली तर टेस्ट गेज लावून एकदा पडताळा. आणि हात लावलाच आहे तर इंजिनापासून निघणारी रबरी नळीही बघून घ्या. तिला चिरा पडल्या असतील तर ऑइलबिइल नंतर, आधी नळी बदला. ती फुटली तर सगळं ऑइल मिनिटभरात रस्त्यावर येतं.

मग डिपस्टिक. ऑइल बोटावर घ्या, चोळा, वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर चोक जास्त वेळ ओढला जातोय किंवा कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल पाजतोय. पेट्रोल मिसळलेलं ऑइल पातळ होतं आणि प्रेशर पडतं. अशा वेळी जाड ऑइल घालणं म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर बर्फात बुडवण्यासारखं.

धूर कधी मारते, हेही लिहा. उतारावर पाय काढून येताना आणि पुन्हा एक्सलरेटर दाबल्यावर निळा लोट निघाला तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. चढावर, लोडवर सतत निळा धूर असेल तर रिंगा गेल्यात. हजार मैलांना अर्धा लिटर ऑइल खाते, एवढ्यावर मी या वयाच्या गाडीची तक्रार ऐकून घेत नाही.

आता वहीवरून निवाडा. हँडबुकातल्या ग्रेडचं ऑइल असतानाही ३,००० वर प्रेशर चाळिशीखाली राहत असेल, तर तुमचा प्रश्न ऑइलच्या दुकानात सुटणारा नाही. रिलीफ व्हॉल्व्हची (जास्तीचं प्रेशर सोडून देणाऱ्या झडपेची) स्प्रिंग, पंप, बेअरिंग, या क्रमाने बघा. स्प्रिंग सगळ्यात स्वस्त, म्हणून आधी.

जाडी: २०डब्ल्यू-५० म्हणजे नेमकं काय

डब्यावर दोन आकडे असतात. डब्ल्यूच्या आधीचा थंडीतला, नंतरचा तापल्यावरचा. २०डब्ल्यूची स्टार्टिंगची कसोटी उणे १५ अंशांवर घेतात, १०डब्ल्यूची उणे २५ वर, ५डब्ल्यूची उणे ३० वर. ऑक्सफर्डच्या हिवाळ्यात उणे पाच झालं तरी बातमी होते. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले की फोटो छापून येतात. म्हणजे आपल्यापैकी कुणालाही या गाडीत ५डब्ल्यूची गरज नाही.

खरा फरक दुसऱ्या आकड्यात आहे. १०० अंश तापमानाला ३० ग्रेडच्या ऑइलची जाडी ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्स असते, ४० ची १२.५ ते १६.३, आणि ५० ची १६.३ ते २१.९. शिवाय १५० अंशांना, बेअरिंगमध्ये चिरडलं जात असताना ऑइल किती तग धरतं याची एक वेगळी चाचणी असते; तिथे ३० ग्रेडला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद लागतात, ५० ला ३.७. गॅरेजवाल्याने माझ्या गाडीत ५डब्ल्यू-३० घातलं म्हणजे तापल्यावर जवळजवळ निम्म्या जाडीचं ऑइल घातलं. काटा पडला त्यात नवल ते काय?

पण आजच्या गाड्या तर २० ग्रेडवर लाखो किलोमीटर धावतात, मग हिलाच का नाही? कारण त्यांचे भाग त्या ऑइलसाठी घडवलेले असतात. बेअरिंगमधली फट, पंपाची ताकद, क्रँकच्या पृष्ठभागाची सफाई, सगळं पातळ ऑइल धरूनच आखलेलं. एमजीबीच्या मेन बेअरिंगमध्ये नवीन असतानाच एक ते पावणेतीन थाऊ (इंचाचा हजारावा भाग) फट ठेवलेली आहे, म्हणजे वरच्या टोकाला माणसाच्या केसाएवढी. पन्नास वर्षांत ती वाढली असेल, कमी नक्कीच झालेली नाही. त्या फटीत शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगत फिरायला हवा. थर पातळ झाला की धातूला धातू लागतो.

म्हणून बहुतेकांसाठी उत्तर सरळ आहे: २०डब्ल्यू-५०. सत्तरच्या दशकात हँडबुकं हेच सांगत होती, आणि इथल्या पेट्रोलपंपांवर डकहॅम्सचं हिरवंगार २०डब्ल्यू-५० नाहीतर कॅस्ट्रॉल जीटीएक्स हेच मिळायचं. नुकतंच बांधलेलं घट्ट इंजिन असेल आणि थंडीत रोज छोट्या फेऱ्या असतील, तर १५डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-५० चालेल. त्याच्या खाली मी जाणार नाही.

वरही जाऊ नका. ‘प्रेशर कमी आहे, ६० ग्रेड घाल’ हा सल्ला क्लबात दर रविवारी एक तरी जण देतो. काटा वर जातो हे खरं, पण काटा अडथळा मोजतो, किती ऑइल वाहिलं ते मोजत नाही. जाड ऑइल थंड इंजिनात रिलीफ व्हॉल्व्ह उघडून परत तळाच्या ऑइल चेंबरमध्येच पडतं, आणि वरच्या रॉकरपर्यंत पोचायला उशीर करतं. झीज सगळ्यात जास्त होते ती त्याच अर्ध्या मिनिटात.

नागपूरच्या मे महिन्यात अँबॅसिडर चालवणाऱ्याने २०डब्ल्यू-५० च घ्यावं. पुण्या-साताऱ्यात इंजिन धड असेल तर २०डब्ल्यू-४० सुद्धा पुरतं. बाबांची गाडी त्याच्यावरच चालली, आणि हाफ इंजिनचं काम एकदाच निघालं.

झिंकची भीती, खरी किती नि खोटी किती

या इंजिनात कॅमचं नाक सपाट टॅपेटवर घासत जातं. नव्या बऱ्याच इंजिनांत तिथे रोलर असतो, इथे नाही. घासणारी जागा नखाएवढी, दाब प्रचंड. तिथे ऑइलचा थर टिकत नाही; टिकतो तो झेडडीडीपी नावाच्या रसायनाचा. झिंक आणि फॉस्फरसचं हे संयुग १९४० च्या दशकापासून इंजिन ऑइलमध्ये आहे. दाब आणि उष्णता मिळाली की ते धातूवर काचेसारखा पातळ लेप धरतं, तो लेप झिजतो, पुन्हा धरतो. कॅमऐवजी लेप झिजतो, एवढंच त्याचं काम.

अडचण अशी की फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक. म्हणून अमेरिकी मानकांनी त्याचं प्रमाण उतरवत आणलं. २००४ च्या ‘एपीआय एसएम’ या मानकापासून ते ०.०८ टक्क्यांवर, म्हणजे दहा लाखांत ८०० भागांवर (पीपीएम), आलं. यावरून ‘नवं ऑइल घातलं की जुना कॅम गेलाच’ अशी आवई उठली आणि झिंकच्या बाटल्यांचा धंदा उभा राहिला.

पण ही मर्यादा पातळ ग्रेडना आहे: ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० वगैरे. २०डब्ल्यू-५० ला ती लागूच नाही. म्हणजे जाडी बरोबर निवडली की झिंकचा निम्मा प्रश्न आपोआप सुटतो. कंपनीच्या तांत्रिक पत्रकात झिंक किंवा फॉस्फरस साधारण १,००० ते १,४०० पीपीएम दिसलं की झालं, मूळ कॅमच्या एमजीबीला ते भरपूर आहे. कडक स्प्रिंगा असतील तर चौदाशेच्या बाजूचं घ्या.

वरून बाटली ओतू नका. झेडडीडीपी फार वाढलं तर ते धातूलाच खायला लागतं, आणि ऑइलमधल्या बाकीच्या रसायनांचा तोलही बिघडतो. कंपनीच्या केमिस्टने जमवलेल्या भाजीत आपण वरून मीठ कशाला घालायचं?

अपवाद एकच, नवा कॅम बसवलाय तेव्हाचा. तेव्हा कॅमबरोबर मिळालेली पेस्ट त्याला लावा, ब्रेक-इन ऑइल घाला, आणि इंजिन सुरू झाल्याबरोबर आयडलिंगला न सोडता २,००० आरपीएमच्या आसपास वीस मिनिटं धरा. आयडलिंगला टॅपेटवर ऑइल पुरेसं उडत नाही. शेजारी दार वाजवतील. वाजवू द्या.

मिनरल की सिंथेटिक

या वादात मला फारसा रस नाही. आजचं सिंथेटिक सील खात नाही. ती भीती सुरुवातीच्या सिंथेटिकांच्या काळातली. पण एमजीबीला त्याचा फायदाही बेताचाच. सिंथेटिक लांब टिकतं, आणि ही गाडी वर्षाला दोन-तीन हजार मैल चालते. ऑइल मैलांनी नाही, बसून खराब होतं. ओल आणि आम्लं धरतं. मग महागाचं ऑइल तीन वर्षं ठेवण्यापेक्षा स्वस्तातलं चांगलं मिनरल दर वर्षी बदलावं.

वर्षानुवर्षं उघडलेलं नाही असं, आत काळा गाळ धरलेलं इंजिन असेल तर जास्त डिटर्जंटवाल्या ऑइलने तो गाळ सुटतो आणि पंपाच्या जाळीत अडकतो. अशा गाडीला फ्लश मारू नका. साधं २०डब्ल्यू-५० घाला, पाचशे मैलांत बदला, पुन्हा पाचशेत बदला. गाळ हळूहळू निघू दे.

दुकानात

इंग्लंडमध्ये कॅस्ट्रॉल क्लासिक एक्सएल, मिलर्स क्लासिक पिस्टनीझ, व्हॅल्व्होलिन व्हीआर१, डकहॅम्स, ही २०डब्ल्यू-५० मध्ये मिळतात. यातलं कुठलंही चालेल. मी जे सवलतीत मिळेल ते घेते, पण एकदा घेतलं की वर टाकायलाही तेच ठेवते.

भारतात पेट्रोल गाडीचं २०डब्ल्यू-५० मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर ट्रकवाल्यांचं १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस लिहिलेलं, कुठल्याही हायवेवर मिळतं आणि त्यात झिंक चांगलं असतं. ते डिटर्जंटला जोरदार असतं, म्हणून गाळवाल्या इंजिनाला मात्र वर सांगितलंय तसंच. सुट्टं, पिंपातलं ऑइल कितीही ओळखीच्याने दिलं तरी घेऊ नका. सील तोडण्याआधी झाकणाची कडी बघा.

घालताना

फिल्टरसकट ऑइल साधारण सव्वाचार लिटर लागतं, कूलर असेल तर आणखी थोडं. पाच लिटरचा डबा घ्या. इंजिन गरम असताना, पण हात भाजणार नाही इतपत, चेंबरचा बोल्ट काढा. तांब्याचा वायसर नवा घाला. निथळायला अर्धा तास द्या. मी या वेळात चहा करते.

खरी मजा फिल्टरमध्ये आहे. सुरुवातीच्या गाड्यांत लोखंडी वाटी आणि आत कागदी फिल्टर. वाटी जिथे बसते त्या खाचेत रबरी रिंग असते, आणि ती वर्षानुवर्षांत खाचेत रुतून धातूच्याच रंगाची होते. मी पहिल्यांदा बदलताना टॉर्च मारून बघितलं, खाच रिकामी दिसली, नवी रिंग घातली. जुनी तिथेच होती. दोन रिंगा एकावर एक. गाडी चालू केली तसं काळं ऑइल भिंतीपर्यंत गेलं. भिंतीवरचा तो डाग अजून आहे, नकाशातल्या श्रीलंकेसारखा दिसतो. तेव्हापासून मी खाचेत विणकामाची सुई फिरवल्याशिवाय नवी रिंग घालत नाही. (माझ्या १९७२ च्या गाडीत असा फिल्टर मूळचा नव्हे, आधीच्या मालकाने जुन्या इंजिनाचा भाग लावला होता.)

नंतरच्या गाड्यांत डब्यासारखा फिरवून बसणारा फिल्टर उलटा, तोंड खाली करून असतो. त्याच्यात ऑइल परत न जाऊ देणारा झडपेचा पडदा असलाच पाहिजे, नाहीतर रात्रभरात तो रिकामा होतो आणि सकाळी स्टार्ट करताना चार-पाच सेकंद बेअरिंगं कोरडी वाजतात. स्वस्तातल्या फिल्टरांत हाच पडदा कडक, नावापुरता असतो. ऑइलवर दोन पाउंड वाचवा, फिल्टरवर नको.

भरल्यावर लगेच स्टार्ट करू नका. चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, आणि स्टार्टरने दहा-दहा सेकंद फिरवा. काटा हलला की थांबा, प्लग लावा, मग चावी. काटा हललाच नाही तर पंपाने ऑइल सोडलंय. स्टार्ट करून बघू या, हा मोह तेव्हा आवरा आणि पंपाची नळी सोडून त्यात ऑइल भरा.

आठवड्याने पुन्हा वीस मिनिटं चालवा आणि वहीत जुन्या आकड्यांशेजारी नवे लिहा. माझे असे होते: ५डब्ल्यू-३० वर ३८ आणि ५, २०डब्ल्यू-५० वर ६२ आणि १८. टकटकही निम्मी झाली. उरलेली निम्मी टॅपेट सेटिंगची होती, थंड इंजिनावर पंधरा थाऊ लावल्यावर ती गेली.

उरलेलं पाऊण लिटर फेकू नका. एमजीबीच्या गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हलाही (हायवेच्या वेगासाठीच्या जादा गिअरला) इंजिनाचंच ऑइल चालतं. तिथे घर्षण कमी करणारी कुठलीही बाटली घालू नका, ओव्हरड्राइव्हचा क्लच घसरायला लागतो. मागच्या डिफरन्शियलला मात्र हे ऑइल नाही, तिथे हायपॉइड गिअरचं ९० च हवं.

आणि काढलेलं काळं ऑइल त्याच रिकाम्या डब्यात भरून कौन्सिलच्या डेपोवर न्या, पुण्यात असाल तर गॅरेजवाल्याच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या. बाबा ते कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासायचे. परवा फोनवर सांगितलं, “बाबा, आता तसं करायचं नाही, विहिरीत उतरतं.” ते म्हणाले, “बरं. पण प्रेशर किती आलं ते सांग आधी.”